डाव्या वेणीची रिबीन

मी एक जुनी रिबीन आहे, मित्रांनो. डाव्या वेणीची. आणि पुढचं काही सांगण्याआधीच सांगून टाकते, माझ्या अंगावर डाग आहे. चांगला चार बोटं रुंद, पळसाच्या फुलाचा, पिवळा-केशरी डाग. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं, म्हणजे पुढची गोष्ट निवांत ऐकता येईल.

तुम्ही पुष्कळ आत्मवृत्तं वाचली असतील. त्यात फाटकी छत्री कोपऱ्यात बसून रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते आणि शेवटी सगळे मिळून तुमच्याकडे दयेची भीक मागतात. माझ्याकडून तसलं काही मिळायचं नाही. मी रडले असेन तर फक्त एकदाच, आणि तेही ब्लिचिंगच्या पाण्यात.

माझा जन्म आखाडा बाळापूरचा. सुताचा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही, पण मी रिबीन झाले ती इथेच, बौद्धवाड्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात. त्याआधी मी एक लुगडं होते. पांढरंशुभ्र, नऊवारी, सुती. ते लुगडं जनकाबाईंचं. जनकाबाई म्हणजे आकांक्षाची आजी. मीही तिला आजीच म्हणते, कारण मी तिच्याच लुगड्याची.

आजीनं एकतीस वर्षं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चादरी धुतल्या. रक्ताच्या, औषधाच्या, बाळंतिणींच्या. नोकरीतून सुटी झाली त्या दिवशी तिनं स्वतःसाठी हे पांढरं लुगडं घेतलं. "लोकायचं पांढरं करता करता जलम गेला, आता माझं एक पांढरं," असं ती म्हणाली होती म्हणे. दर पौर्णिमेला ते नेसून ती विहारात जायची. बारा वर्षांनी लुगडं मधोमध विरलं. मग आकांक्षाच्या आईनं, नितानं, त्याचा धड राहिलेला भाग काढून घेतला. त्यातून दोन उशांचे अभ्रे निघाले, देव्हाऱ्यासारख्या मांडलेल्या फोटोंच्या खालचं एक कापड निघालं आणि उरलेल्या लांब पट्टीतून आम्ही दोघी निघालो. मी आणि उजवी.

उजवी माझी जुळी बहीण. आमची लांबी एक, रुंदी एक, शिवण एक. स्वभाव मात्र दोन टोकांचे. ती सरळ, शहाणी, इस्त्री केल्यासारखी. माझी गाठ नेहमी जरा तिरकी बसायची. निता म्हणायची, डाव्या बाजूला हात नीट पोचत नाही म्हणून. मला वाटतं, तो माझा मूळचाच ताठा असावा.

शाळेसाठी आकांक्षाकडे लाल रिबिनी होत्या. आम्ही पांढऱ्या फक्त पौर्णिमेला आणि लेझीमला. बाजारातल्या चकचकीत रिबिनी आमच्याकडे बघून हसायच्या, पण लेझीम सुरू झाली की पाचव्या मिनिटाला त्यांच्या गाठी सुटायच्या आणि त्या पोरींच्या पाठीवर लोंबायच्या. सुताची गाठ सुटत नसते, मित्रांनो. हे मी गर्वानं सांगते आहे, आणि गर्व करण्यासारख्या गोष्टीचा गर्व करावा.

आता घरातलं आमचं आयुष्य सांगते. आजी नोकरीतून सुटली तरी डागांनी तिला सोडलं नाही. सकाळी ऊन ओट्यावर आलं की गल्लीतल्या बायका काही ना काही घेऊन हजर. त्यातही पोरीबाळींच्या केसांतल्या वस्तू फार. केस म्हटले की फुलं आली आणि फुलं म्हटली की डाग आले. मी दोरीवर वाळत पडलेली असले की हा दवाखाना मला फुकट बघायला मिळायचा.

एकदा एक कापडी रबर आला. मोगऱ्याचा गजरा रात्रभर त्याच्यावर बांधून ठेवलेला, त्यामुळे पठ्ठ्या तपकिरी पडला होता. आजीनं त्याला लिंबाचा रस लावून उन्हात बसवलं. संध्याकाळी हसत घरी गेला. एका नव्या नवरीचा कापडी बो आला, त्याच्यावर गुलाबाची पाकळी चेंगरून जांभळा ठिपका उमटलेला. आजीनं तो उलटा केला, मागच्या बाजूनं थंड पाण्याची धार सोडली, आणि नवरीच्या सासूनं घासायला हात पुढे केला तशी तिच्या हातावर चापट मारली. "घासू नको गं बाई. घासलं की डाग आत जाऊन बसतो. ज्या वाटंनं आला त्याच वाटंनं त्याला बाहेर लावायचा." एका हेअरबँडवर कसल्याशा फुलातली पिवळी भुकटी सांडली होती. त्याला तर आजीनं पाणीच लावलं नाही. नुसतं वाळवून झटकलं, की गेली भुकटी.

कुणीही डाग घेऊन आलं की आजी तीनच प्रश्न विचारायची. "कशाचा हाय? कवाचा हाय? अन् त्याच्यावर तू काय केलंस?"

पहिल्या दोन प्रश्नांना लोक खरं बोलतात. तिसऱ्याला हमखास खोटं. "काईच न्हाई केलं," म्हणतात. आजी वास घेऊन सांगायची, गरम पाण्यात बुडवला होतास, वरून साबण चोळलास. मग बाई खाली मान घालायची. डागानं कापड जेवढं खराब होत नाही, तेवढं ते घाईघाईच्या उपायानं होतं, हे मी त्या दोरीवर शिकले. दुर्दैव असं, की माझी मालकीण ते शिकली नाही. घरात वैद्य असला की घरचीच माणसं औषध विचारत नाहीत.

आता पल्लवी. पल्लवी हिंगोलीला कॉलेजात जाते, रोज एसटीनं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वाड्यातल्या चोवीस मुलींचं लेझीम पथक तीच बसवते. चार-चारच्या सहा रांगा. जानेवारीपासून सराव चालायचा, शाळेमागच्या छोट्या मैदानावर. मैदान एवढंसं, की वीस पावलं गेलं की भिंत यायची. मग पल्लवी दोन छोट्या शिट्ट्या मारायची आणि सगळ्या मुली जागच्या जागी माघारी फिरायच्या. मागची रांग पुढे व्हायची, पुढची मागे. हे फक्त सरावापुरतं. मिरवणुकीत रस्ता सरळ, तिथे या दोन शिट्ट्यांचं काम नव्हतं.

आकांक्षा सातवीत, पण तिची लेझीम अशी वाजायची की पल्लवीनं तिला पहिल्या रांगेत घेतलं. पहिल्या रांगेतल्या इतर तिघी नववीतल्या. त्या दिवशी घरी येऊन ती आजीला म्हणाली, "आज्जी, तुझं लुगडं यंदा सगळ्यायच्या पुढं चालणार." आजी उठून मोरीत गेली. तिनं आम्हा दोघींना पुन्हा एकदा धुतलं, पाण्यात नीळ घालून. धुण्याची काही गरज नव्हती.

पल्लवीचा एकच नियम फार कडक होता. पांढरं म्हणजे पांढरं. रिबिनीवर एक ठिपका दिसला तरी पोरीला मागे पाठवायची. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी मिरवणूक रस्त्यावरच्या हॉटेलापुढून जाताना हॉटेलवाले व्यंकटराव म्हणाले होते, "पोरी खेळतात झकास, पण रिबिनी तेवढ्या मळकट." व्यंकटराव माणूस वाईट नाही. दर वर्षी मिरवणुकीला स्वतःच्या खर्चानं सरबत पाजतो. जिभेला लगाम नाही, एवढंच. त्याच्या लेखी ते बोलणं तिथेच संपलं. पण 'मळकट' हा शब्द या वाड्यानं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला. पल्लवी त्या दिवशी घरी जाऊन जेवली नाही. यंदा कुणाला बोट ठेवायला जागाच ठेवायची नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

एवढं सगळं तुम्हाला कळलं, आता माझा डाग कसा लागला ते ऐका.

मार्चचा महिना, होळीच्या आधीचा शनिवार. शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, यंदा पुडीतला रंग नको, पळसाची फुलं आणा, आपण रंग उकळू. सकाळी लेझीमचा सराव झाला आणि आकांक्षा घरी न जाता तशीच राजनंदिनीच्या शेतावर गेली. राजनंदिनी तिच्या वर्गातली मैत्रीण. त्यांच्या बांधावर तीन पळस आहेत, आणि त्या दिवसांत त्यांच्यावर पान दिसत नव्हतं, नुसता केशरी रंग. दोघींनी ओढणी भरून फुलं वेचली. ओढणीचं बोचकं झालं, पण ते बांधायला काही नव्हतं. आकांक्षानं हात डावीकडे नेला, मला सर्रकन ओढलं आणि बोचक्याला करकचून बांधलं.

तिनं उजवीकडे हात नेला असता, तर आज हे आत्मवृत्त उजवीनं लिहिलं असतं. आणि ते फार कंटाळवाणं झालं असतं.

बोचकं सायकलीच्या कॅरिअरला लागलं. वाटेत विहिरीवर मोटार चालू होती, तिथे पोरी पाणी पिऊन एकमेकींवर उडवत बसल्या. बोचकं भिजलं. मग दुपारभर ओल्या फुलांचं ओझं माझ्यावर. पळसाचं फूल दिसायला पोपटाच्या चोचीसारखं, आणि भिजलं की चोच मारल्यासारखाच रंग सोडतं. घरी येऊन गाठ सोडली तेव्हा माझ्या मधोमध पिवळा पट्टा उमटलेला.

त्याच क्षणी तिनं मला थंड पाण्यात टाकलं असतं तरी निम्मं काम झालं असतं. त्याच क्षणी तिनं ओट्यावर जाऊन आजीला दाखवलं असतं तर पूर्णच झालं असतं. पण ओट्यावर आजी बसली होती आणि मी आजीचं लुगडं होते. आकांक्षा तशीच मागे फिरली. तिनं मला घडी करून कंपासपेटीत कोंबलं.

दोन दिवस मी तिथे कर्कटकाशेजारी पडून होते. अंधारात डाग वाळत होता. मी मनातल्या मनात ओरडत होते, अगं बाई, मला पाण्यात टाक! पण रिबिनीचं कोण ऐकतं?

तिसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना तिनं मला बाहेर काढलं आणि पहिला पराक्रम केला. कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि डागावर खसाखसा घासली. पिवळा होता तो झणकन केशरी झाला. पळसाला साबणाचा खार लागला की त्याचा रंग चढतो. तिला वाटलं, साबण कमी पडला. तिनं आणखी घासलं. मग दुसरा पराक्रम, चुलीवरचं कढत पाणी. त्यानं माझा जीव अर्धा झाला, डाग मात्र जागचा हलला नाही.

आणि मग तिला तुरटी आठवली.

तिच्या डोक्यात ती का आली ते मला ठाऊक आहे, म्हणून मी तिला फार बोल लावत नाही. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की निता घागरीत तुरटीचा खडा दोन-चारदा फिरवते. तासाभरात गाळ तळाशी आणि पाणी काचेसारखं. आकांक्षानं हे लहानपणापासून पाहिलेलं. तिचा हिशेब साधा होता. तुरटीनं गढूळ पाणी निवळतं, तर रिबीन का निवळणार नाही? तिनं तांब्यात तुरटी विरघळवली, मला त्यात बुडवलं आणि तांब्या गोवऱ्यांच्या ढिगामागे रात्रभर लपवला. सकाळी डाग तळाशी बसलेला असेल, अशी तिची खात्री होती.

मित्रांनो, डाग बसला. तळाशी नाही, माझ्यात.

सकाळी तिनं मला पिळलं, झटकलं, आणि माझ्यावर सोन्यासारखा पिवळा पट्टा चमकला. आधी कडेला जरा पुसट होता, आता तोही ठसठशीत. ती तिथेच मटकन बसली आणि रडली. रडण्याचा आवाज ऐकून आजी आली.

आजीनं मला हातात घेतलं. उजेडाकडे धरलं. मग नेहमीसारखे प्रश्न आले, अगदी परक्या बाईला विचारावेत तसे.

"कशाचा हाय?"

"पळसाचा."

"कवाचा हाय?"

"शनिवारचा."

"अन् त्याच्यावर तू काय केलंस?"

मी श्वास रोखून धरला. इथेच सगळे खोटं बोलतात. आकांक्षानं नाक पुसलं.

"साबण लावला. कढत पानी वतलं. अन् रातभर तुरटीत ठुलं."

"तुरटीत!" आजीनं कपाळावर हात मारून घेतला आणि पुढच्या क्षणी ती हसायला लागली. "अगं येडे, आमी होळीचा रंग उकळून राहिलो की त्याच्यात तुरटी टाकतो. काहून टाकतो? रंग पक्का बसावा म्हून! तू डाग काढून न्हाई राहिली, तू रिबीन रंगवून राहिली!" मग तिचं हसू थांबलं. "मला काहून इचारलं न्हाई, लेकरा?"

"तुझं लुगडं हाय म्हून."

आजी तिच्याशेजारी खाली बसली. बराच वेळ ती मला बोटांवर गुंडाळत आणि सोडत राहिली. "तीस-एकतीस साल मी डाग काढले," ती शेवटी म्हणाली. "हा निघत न्हाई."

संध्याकाळच्या सरावाला मी आकांक्षाच्या डाव्या वेणीला होते. पल्लवीनं लांबूनच पाहिलं आणि शिट्टी तोंडातून काढली.

"हे काय?"

"डाग हाय, ताई. निघत न्हाई."

"मंग नवी घे. बाजारात धा रुपयाला जोडी भेटते. ती आन. ही तशीच नको बांधू."

"मला हीच बांधायची."

"मंग पुढच्या रांगेत न्हाई. शेवटच्या रांगेत उभी राह्य. तिथं कोणाचं ध्यान जात न्हाई."

आकांक्षाचा चेहरा उतरला. जानेवारीपासून सकाळ-संध्याकाळ केलेला सराव, नववीतल्या पोरींच्या बरोबरीनं मिळालेली जागा, एका पट्टीपायी जाणार होती. तीच पट्टी मी. खरं सांगते, त्या वेळी मला स्वतःचा राग आला नाही, मला सगळ्या जगाचा राग आला.

पल्लवी दुष्ट नव्हती. दुसऱ्या दिवशी ती स्वतः ब्लिचिंगचं पाणी घेऊन आजीच्या ओट्यावर आली. "आज्जी, यानं जाईल. समदं जातं यानं."

"डाग जाईल," आजी म्हणाली, "सूत बी जाईल. जुनं लुगडं हाय ते."

तरी पोरीच्या जागेसाठी आजीनं करून पाहिलं. माझं एकच टोक त्या पाण्यात बुडवलं. तो पाव तास मी विसरणार नाही. अंगाची आग म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. बाहेर काढून धुतलं, तर तुरटीत टोकापर्यंत पसरलेली पिवळी झाक जरा फिकी झाली होती. आजीनं ते टोक दोन बोटांत धरून हलकेच ओढलं आणि ते टर्रकन तुटून तिच्या हातात आलं. तिनं ब्लिचिंगचा डबा झाकण लावून पल्लवीच्या हातात परत दिला.

"ने बाई हे. डाग राहू दे, रिबीन मरू दे न्हाई."

"आज्जी, लोक बोट दाखवतात. मागल्या साली काय म्हणले ते तुमी ऐकलं न्हाई का? मळकट म्हणले."

तेव्हा आजी जे बोलली ते मी जन्मभर सांगत फिरणार आहे. ती रागावली नव्हती. चादरींच्या गोष्टी सांगायची त्याच आवाजात बोलली.

"पल्लवे, मी दवाखान्यात नवी लागली तवा एक मोठी बाई चादर उचलून मला म्हणली, ही मळकी हाय, धुतली न्हाईस. मी म्हणलं, बाईसाहेब, मळकी न्हाई, डागी हाय. मळ म्हंजे धुतलं न्हाई. डाग म्हंजे धुतलं, उकळलं, पुन्हा धुतलं, अन् तरी राह्यला. हिच्यावर चाळीस बाया बाळंत झाल्यात. डागाची लाज मला न्हाई, तुमी नाक काहून धरून राहिल्या? मळाची लाज बाळगायची, माय. डागाची न्हाई."

पल्लवीनं सगळं ऐकून घेतलं. पण शिस्त लावणारी माणसं एका भाषणानं वाकत नाहीत, आणि वाकली असती तर मला ती आवडलीही नसती. जाताना ती म्हणाली, "बराबर हाय तुमचं, आज्जी. पण बघणाऱ्याला हे कोण सांगत बसणार?"

निता बाजारातून नवी जोडी घेऊन आली. चकचकीत, पांढरी, गुळगुळीत. आकांक्षासमोर ठेवली आणि म्हणाली, "बांध हीच. पहिल्या रांगेत जा. आज्जीला काही वाईट न्हाई वाटणार."

आकांक्षानं नव्या रिबिनीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, संपलं माझं. आता मी खिडकीच्या गजाला बांधली जाणार, नाहीतर कंदिलाची काच पुसायला जाणार. उजवी तर मनातल्या मनात नव्या जोडीदारणीला जागा करून देत होती, मला ते जाणवत होतं.

"एकदा कंपासमधी लपवली," आकांक्षा म्हणाली, "तवा हे झालं. आता पुन्हा न्हाई लपवणार. मी मागच्या रांगेत खेळते."

निता सुईदोरा घेऊन बसली. तिनं माझं तुटकं टोक दुमडलं आणि बारीक टाके घालून शिवून दिलं. तेव्हापासून मी उजवीपेक्षा दोन बोटं आखूड आहे.

चौदा एप्रिल उजाडला. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं. चोवीस मुली, पांढरे कुर्ते, निळे फेटे, फेट्यांखालून लोंबणाऱ्या अठ्ठेचाळीस वेण्या. सत्तेचाळीस रिबिनी पांढऱ्या आणि एक मी. शेवटच्या रांगेत, अगदी कडेला. पुढे पहिल्या रांगेत आकांक्षाच्या जागी दुसरी पोरगी होती. चांगली होती, पण तिच्या लेझमीत तो खणखणाट नव्हता. आकांक्षा मात्र मागे उभी राहूनही अशी खेळत होती, जणू तिच्या पुढे कुणी नाहीच. तिच्या उडीबरोबर मी उडत होते, तिच्या वळणाबरोबर फटकारत होते. माझी गाठ तिरकी होती आणि एक टाकाही सुटला नाही.

मिरवणूक हॉटेलापाशी आली. व्यंकटराव सरबताची बादली आणि पेले घेऊन पायरीवर उभे. पल्लवीची मान ताठ झाली. पहिली रांग पुढे गेली. व्यंकटरावांनी नजर फिरवली, काही बोलले नाहीत. दुसरी गेली. तिसरी, चौथी, पाचवी. सगळं पांढरंशुभ्र. आता शेवटची रांग तेवढी हॉटेल ओलांडायची होती, आणि मी बाहेरच्या कडेला होते. आम्हीही पुढे गेलो. नियम जिंकला होता. कुणाचं ध्यान गेलं नव्हतं.

पथक हॉटेलाला लागूनच्या चौकात थांबलं. पल्लवी रांगांच्या बाजूनं मागे चालत आली. आकांक्षापाशी ती थांबली. आकांक्षा घामानं निथळत होती, पण तिचे हात अजून तालात होते. पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. मग हॉटेलाकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मी सांगू शकत नाही, मी वेणीला बांधलेली होते, तिच्या मनाला नाही.

तिनं शिट्टी तोंडात धरली आणि दोन छोट्या शिट्ट्या मारल्या.

चोवीस मुली जागच्या जागी माघारी फिरल्या. सवयच होती ती. शेवटची रांग पहिली झाली. समोर हॉटेल, पायरीवर व्यंकटराव, बाकावर चहा पिणारे दहा-पंधरा लोक, आणि सगळ्यांच्या पुढे आकांक्षा. पल्लवीनं हात वर केला आणि ताल दुप्पट केला. मला तेवढं पुष्कळ होतं. त्या पाच मिनिटांत आकांक्षा जी खेळली तशी पहिल्या रांगेत कुणी कधी खेळलं नसेल. बाकावरच्या लोकांचे चहा निवले.

ताल थांबला तसे व्यंकटराव बादली घेऊन खाली उतरले. पहिला पेला त्यांनी पहिल्या पोरीला दिला, म्हणजे आकांक्षालाच. आणि जीभ शेवटी वळवळलीच.

"का गं पोरी, यंदा समद्यायच्या पांढऱ्याफेक. तुझी एकच पिवळी काहून?"

पल्लवी दोन पावलं पुढे आली. पण आकांक्षानं सरबत पिऊन संपवलं, पेला परत दिला आणि स्वतःच बोलली.

"डाग हाय, काका. पळसाचा."

"मंग धुवायची व्हती की."

"धुतली. मी धुतली, आज्जीनं धुतली. मळ न्हाई तो."

व्यंकटरावांनी वाकून मला जवळून पाहिलं. त्यांच्या मिशीला सरबताचा वास होता. मी नजर चुकवली नाही.

"लईच पक्का बसलाय."

"व्हय," आकांक्षा म्हणाली. "मीच बसवला."

बाकावर कुणीतरी खो खो हसलं. व्यंकटरावही हसले आणि त्यांनी तिचा पेला पुन्हा काठोकाठ भरला. पल्लवीनं शिट्टी मारली, एकच, लांब. मिरवणूक पुन्हा वळून पुढे निघाली. पण पल्लवीनं पोरींना जुन्या जागी पाठवताना आकांक्षाच्या दंडाला धरलं आणि तिला थेट पहिल्या रांगेत नेऊन उभं केलं. जाताना ती माझी तिरकी गाठ एकदा आवळून गेली. मिरवणुकीच्या मागून चालणाऱ्या बायकांत आजी होती, नव्या पांढऱ्या लुगड्यात. ती डोळ्यांना पदर लावत होती. विचारलं असतं तर तिनं उन्हावर ढकललं असतं.

तर मित्रांनो, माझं म्हणणं थोडक्यात ऐका. केसांतल्या कापडावर फुलाचा डाग लागला तर त्याच घडीला थंड पाण्यात टाका. साबण नको, कढत पाणी नको, घासणं तर मुळीच नको, आणि तुरटीच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. ज्याला कळतं त्याला विचारा, तो तुमच्याच ओट्यावर बसलेला असतो. आणि त्यानं विचारलं, काय केलंस, तर खरं सांगा. एवढं करूनही डाग राहिलाच, तर आम्हाला कोपऱ्यात फेकू नका, पेटीत कोंबू नका. धुवा, वाळवा, आणि करकचून गाठ मारून रस्त्यावर घेऊन चला. आम्ही सुटणार नाही.

सध्या मी आरशाशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते, उजवीच्या जोडीनं. घरी येणारी प्रत्येक पोरगी मला हातात घेते आणि विचारते, हा पिवळा पट्टा कशाचा, आणि आकांक्षा पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगते, तुरटीसकट. उजवी अजून पांढरीशुभ्र आहे. तिला कुणी काही विचारत नाही.